हेन्द्रिकेसाठी सव्वीस प्रश्न

पुलाजवळचं घर, बोल्सवर्डच्या अलीकडे
मंगळवार, ९ जुलै

आदरणीय वेल्मूताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, तेव्हा हा नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे. मनाने मात्र मी पुरता वाकलेलो आहे.) तुझी सर्दी कशी आहे? खोकला छातीत उतरला असेल तर उशाशी कापलेला कांदा ठेवून झोप, आणि तुझा लेक आउके नाक मुरडायला लागला तर त्याला खिडकी उघडून झोपायला सांग. तुझ्या गुडघ्याचं काय झालं आणि नगरपालिकेशी चाललेलं तुझं ते कुंपणाचं भांडण कुठवर आलं, तेही सविस्तर कळव. इकडे आम्ही ठीक आहोत. हिस्के, तुझी भावजय, आठवण काढते. म्हणजे काढेल, आत्ता ती वरच्या खोलीत आहे आणि मी पत्र लिहायला बसलोय हे तिला माहीत नाही.

पहिल्यांदा आभार. तू विणलेले पाच जोडी मोजे आउकेने शनिवारी आणून दिले. लोकर किती मऊ! टाचा तर अशा वळवल्या आहेस की बघत राहावं. सर्दीने डोक्याचा ठोकळा झालेला असताना तू आठवडाभरात दहा मोजे पुरे केलेस, याचं ओझं माझ्या मनावर आहे, आणि म्हणूनच हे पत्र फोनवर न सांगता लिहून पाठवतो आहे. ताई, ज्या पाच जणांसाठी तू हे मोजे विणलेस, त्यांना पाय नाहीत.

घाबरू नकोस. त्यांना कधीच नव्हते. ती हेन्द्रिकेची पिल्लं आहेत.

हेन्द्रिका तुला नावाने माहीत आहे. प्रत्यक्ष माहीत नाही, कारण गेली बारा वर्षं तू आम्हाला भेटायला येतेस ती बसथांब्यासमोरच्या कॉफीच्या दुकानापर्यंतच येतेस आणि तिथूनच परत जातेस. मी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. तर ती ब्रह्मदेशी अजगराची मादी आहे, पाच मीटर दहा सेंटिमीटर लांब, वजन सत्तर किलो, स्वभावाने गरीब. नाव आपल्या हेन्द्रिका आत्याचं ठेवलं, कारण पोटभर जेवण झाल्यावर दोघींची समोरच्याकडे बघायची नजर एकच: राग नाही, लोभ नाही, फक्त तू अजून इथे कसा, एवढाच प्रश्न. मी पुलावर, बोटी आल्या की पूल वर उचलायच्या नोकरीला होतो तेव्हा एका नोव्हेंबरात माझ्या केबिनच्या पायरीवर कोणीतरी व्यायामाच्या कपड्यांची पिशवी ठेवून गेलं. आत ती होती, तेव्हा जेमतेम दोन मीटरची, थंडीने दोरखंडासारखी ताठ झालेली. सोबत चिठ्ठी: ‘खूप वाढते.’ बस. त्या दोन शब्दांचा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. अगं, वाढतेच ती! नळाखाली बादली ठेवायची आणि मग भरते म्हणून ओरडायचं, त्यातला प्रकार. मी तिला कोटात गुंडाळून घरी आणली आणि हिस्केला म्हटलं, फक्त आजची रात्र. हिस्के गरम पाण्याच्या दोन पिशव्या भरून घेऊन आली.

पुढच्याच वर्षी मला साठ वर्षं पूर्ण झाली आणि एक गोष्ट डोक्यात शिरली. असे अजगर पंचवीस-तीस वर्षं जगतात. हेन्द्रिका माझ्यामागे उरणार हे उघड होतं. (माझ्या आयुष्याबद्दल तितक्या खात्रीने बोलायला आमचे डॉक्टर तयार नाहीत.) म्हणून माझ्यानंतर तिला कोण सांभाळणार हे ठरवण्यासाठी मी सव्वीस प्रश्नांचा एक कागद तयार केला. अकरा वर्षांत एकोणीस जण तो कागद भरून गेले. एकही पास झाला नाही. हिस्के म्हणते, “सिप्के, तू निवृत्त झालास पण पूल अजून वरच धरून बसला आहेस. खाली घे आता, लोक खोळंबलेत.” बोलायला काय जातं! चौतीस वर्षं मी एकही बोट घाईने सोडली नाही आणि एकही बोट माझ्या पुलाला घासली नाही.

पण आता घाई आली आहे. चौदा ऑगस्टला माझ्या खुब्याचा सांधा बदलणार आहेत. त्यानंतर पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, कायमचं. तीन महिने जिना चढायचा नाही. हेन्द्रिका सत्तर किलोची आहे आणि जिन्याच्या वर राहते. चौदा तारखेच्या आत तिला कायमचा माणूस मिळाला नाही, तर आमच्या सर्पमंडळाच्या आश्रयघरात तिला पाठवावं लागेल. तिथली माणसं चांगली आहेत, पण तिथे अशाच कोणाला तरी ‘खूप वाढलेल्या’ अकरा जणी आधीपासून दाटीवाटीने पडून आहेत. तिच्या दृष्टीने ते पुन्हा एकदा पिशवीत घालणंच झालं. ते मला जमणार नाही. (हिस्केचं विचारशील, तर तिला या विषयात फारसं गम्य नाही. ती आपली पाणी बदलते, ससे वितळवून ठेवते, खोली पुसते आणि कात टाकायच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ फवारा मारते. जबाबदारी अशी सगळी माझ्यावरच आहे.)

तू म्हणशील, मग या वयात बिचारीला पिल्लं कशाला? त्याचं असं आहे की खुब्याचं तेव्हा ठरलेलं नव्हतं, आणि पाच घरं पिल्लासाठी सात-सात वर्षं रांगेत थांबली होती. पाचही घरांत मी स्वतः दोन-दोनदा जाऊन आलो आहे, एकदा कळवून आणि एकदा न कळवता. नवरदेव फ्रानेकरच्या एका सभासदाने तीन आठवड्यांसाठी पाठवला, रीतसर लेखी करार करून. मार्चअखेर हेन्द्रिकेने चौतीस अंडी घातली. घरं पाच, म्हणून पाच अंडी उबवणीच्या पेटीत गेली आणि एकोणतीस त्याच दिवशी फ्रीजरमध्ये, वाटाण्यांच्या शेजारी. हिस्केने त्या आठवड्यात वाटाणे शिजवले नाहीत. मीही मागितले नाहीत. पण ताई, एकोणतीस पिशव्या एकोणतीस पुलांच्या पायऱ्यांवर पडण्यापेक्षा ते बरं. ज्याला हे करवत नाही त्याने अजगरांची लग्नं लावू नयेत.

मेच्या शेवटी पाचही पिल्लं बाहेर आली, आणि इथे माझ्या हातून जरा चूक झाली. आपल्याकडे बाळ झालं की कार्ड पाठवतात, तसं या पाच घरांना आपण कार्ड पाठवावं असं माझ्या मनात आलं. सात वर्षं थांबलेली माणसं ती. छापखानेवाला म्हणाला, ऐंशीच्या खाली छापत नाही. म्हटलं, छाप. मजकूर तू वाचलाच आहेस: ‘आनंदाने आणि कृतज्ञतेने कळवतो की आमच्या घरी पाच जण सुखरूप आले आहेत. आई आणि बाळं ठीक आहेत. भेट शनिवार, ६ जुलै, दुपारी दोन ते चार. आईला आराम लागतो, तरी मोठ्याने बोलू नये.’ खाली सिप्के आणि हिस्के. मजकुरात खोटं काय आहे ते तू मला दाखव. मग मी पाकिटं शोधायला टेबलाचा खण उघडला, तर आत पाकिटांचा गठ्ठा तयार, पत्ते घातलेला, तिकिटं लावलेला. मला भरूनच आलं. पस्तीस वर्षांच्या संसारात हिस्केने न सांगता माझं काम पहिल्यांदाच करून ठेवलं होतं. त्या गहिवरात मी पत्तेही वाचले नाहीत आणि पाकिटं मोजलीही नाहीत. कार्डं घातली, चिकटवली, पेटीत टाकून आलो. परत येताना एवढंच वाटलं की पाच पाकिटांच्या मानाने पिशवी जड होती.

ती आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाची पाकिटं होती. सप्टेंबरच्या मेजवानीसाठी. त्र्याहत्तर.

आता तू म्हणशील की त्र्याहत्तर जणांपैकी एकानेही फोन करून विचारलं कसं नाही. तूही विचारलं नाहीस, ताई! आणि मी तुला दोष देत नाही. आमची मुलगी एकच, जिल्डू. वय तेहतीस, लग्न नाही. हार्लिंगेनला बोटीच्या कचेरीत असते. ईस्टरला गावात आली तेव्हा सैल कोट घालून होती, हे वाद्यवृंदापासून वाचनालयापर्यंत सगळ्यांनी टिपून ठेवलं होतं. बाळं पाच आणि कार्डावर बापाचं नाव नाही. अशा वेळी आपल्याकडची शहाणी माणसं चौकशी करत नाहीत, विणायला बसतात. जिल्डूला मात्र फुलं गेली. तिच्या साहेबाने न मागता सहा महिन्यांची रजा मंजूर केली. आणि तिचा जो काही चार महिन्यांपासूनचा मित्र आहे, त्याला त्याच्या आईने फोन करून फक्त एक शब्द विचारला: “पाच?”

मला यातलं शनिवारी दुपारी दोनपर्यंत काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्या दिवशी दोन वाजता मी हेन्द्रिकेसाठी दोन उमेदवारांना बोलावलं होतं आणि पाच घरांची माणसं पिल्लं बघायला यायची होती. (दिवस आणि वेळ त्यांना मी फोनवर आधीच सांगून ठेवली होती.) हिस्केने नऊ खुर्च्या गोल मांडल्या, कॉफी केली, बाळ झाल्यावर करतात तसे बडीशेपेचे गोड दाणे पसरून टोस्ट केले. दोनला दोन मिनिटं कमी असताना दारात चर्चचं अख्खं महिला गायकमंडळ, बारा जणी, प्रत्येकीच्या हातात पुडकं. पुढे अध्यक्षीण टेर्प्स्ट्राबाई. मला काय ठाऊक! मला वाटलं, हेन्द्रिकेबद्दल गावाचं मत बदललं. बारा वर्षं ज्या बायका आमच्या घरासमोर आल्या की रस्ता ओलांडायच्या, त्या आज माझा हात हातात घेऊन अभिनंदन करत होत्या. मग रीतीप्रमाणे त्यांनी हिस्केचं अभिनंदन केलं, एकमेकींचं केलं, आणि पिल्लांच्या पाच घरांपैकी जी माणसं आली होती त्यांचंही केलं. खुर्च्या संपल्या तशी लोल्केने आपल्या गोठ्यातून दूध काढायची स्टुलं आणून दिली. (लोल्के म्हणजे आमचा शेजारी, साठ गाईंचा धनी. दिवसाला बारा शब्द बोलतो.)

टेर्प्स्ट्राबाईंनी आवाज खाली घेऊन विचारलं, “आई कशी आहे?”

“झक्कास. गेल्या आठवड्यात एक अख्खा ससा खाल्ला.”

“बरं केलं. अंगात ताकद यायला हवी. आणि पाच जणांना दूध पुरतं का हो?”

“दूध कसलं! पहिल्या दिवसापासून ज्याचं त्याने खायचं. तिने तर अजून ढुंकूनही पाहिलेलं नाही.”

बाईंनी टोस्ट बशीत ठेवला. मला वाटलं, बाई विषयात रस घेतायत. म्हणून मी आपणहून सांगितलं की पाचांसाठी पाच वेगवेगळी घरं ठरली आहेत, चौथं जेवण झालं की महिनाअखेर एकेक जण येऊन घेऊन जाईल, आणि आईसाठीही कायमचा माणूस बघणं चाललंय, आजच दोघं बघायला यायचे आहेत.

खोलीत अशी शांतता पसरली की मला वाटलं, आराम लागतो हे कार्डावर छापल्याचा उपयोग झाला.

एवढ्यात पहिला उमेदवार आला. ड्राख्टनचा माणूस, दोन्ही दंडांवर चित्रं गोंदलेली, सोन्याची साखळी, लोकांना गोंदवून देण्याचं त्याचं दुकान आहे. त्याला बघताच गायकमंडळाने जो काही अर्थ लावायचा तो लावला. बाराच्या बारा जणी उठल्या. एकीने त्याचा हात दाबून “निदान तुम्ही आलात तरी” असं म्हटलं आणि डोळे टिपले. त्याला वाटलं व्यवहार पक्का झाला. तो आनंदाने म्हणाला, “मी तिला दुकानाच्या काचेत ठेवणार. दिवे लावून. रस्त्यावरची गर्दी थांबली पाहिजे!” टेर्प्स्ट्राबाई खाली बसल्या. मी तिथल्या तिथे त्याला चौदावा प्रश्न विचारला: महिन्यातून किती वेळा मित्रमंडळींना अजगर दाखवणार? बरोबर उत्तर आहे, शक्यतो कधीच नाही. तो म्हणाला, “रोज!” मी त्याच्या कागदावर फुली मारली आणि त्याला टोस्ट दिला.

दुसरी उमेदवार ख्रोनिंगेनची, योगासनं शिकवणारी, अनवाणी. ती दारातूनच म्हणाली, “ती माझ्या स्वप्नात आली होती. मी तिला न्यायला आले आहे.” मी सातवा प्रश्न विचारला: पंधरा वर्षांनी तुम्ही कुठे असाल? कुठे असावंसं वाटतं ते नको, कुठे असाल ते सांगा. ती म्हणाली, “मी प्रवाहाबरोबर जाते.” ताई, मी चौतीस वर्षं पुलावर काढली आहेत. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या बोटी शेवटी कुठे जाऊन आदळतात ते मला ठाऊक आहे. फुली.

मग टेर्प्स्ट्राबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सिप्के, मी गेली तीस वर्षं तुला सज्जन माणूस समजत आले. जिल्डू कुठे आहे?”

“हार्लिंगेनला. का?”

हिस्के इतका वेळ कॉफी ओतत होती. ती थांबली, सगळ्यांच्या मांडीवरची पुडकी बघितली, छोट्या छोट्या टोप्या बघितल्या, आणि माझ्याकडे बघितलं. मग टेबलाचा खण उघडून आत बघितलं. पस्तीस वर्षांत मी तिच्या अनेक नजरा पाहिल्या आहेत, ही नवीन होती. पण ती आवाज न चढवता म्हणाली, “चला, चार-चार जण वर चला. अंगातले कोट इथेच ठेवा, वर तीस अंश आहे. आणि कोणी किंचाळायचं नाही, तिला आवडत नाही.”

गेले सगळे. एकही पळालं नाही हे मी गावाच्या बाजूने नमूद करतो. दुहेरी कुलपाच्या काचेमागे हेन्द्रिका वेटोळं घालून पडली होती, शेजारी पाच डब्यांत पाच पिल्लं.  गायकमंडळातली एक म्हणाली की आठवडाभर तालीम केली आहे ती फुकट जायला नको. तेव्हा त्या जिन्यात दाटीने उभ्या राहिल्या आणि त्यांनी नवजात बाळाचं गाणं तिन्ही कडव्यांसह म्हटलं. हेन्द्रिकेला गाणं ऐकू येण्यातलं नाही, पण जिना हादरत होता म्हणून तिने डोकं वर केलं. लोल्के तेवढा काचेला नाक लावून उभा होता. मग माझ्याकडे वळून त्याने माझा हात हातात घेतला. “पाच एका वेतात. आई उभी. शाबास.” त्याने त्याचे त्या दिवसाचे निम्मे शब्द माझ्यावर खर्च केले. खाली आल्यावर टोस्टला मात्र कोणी हात लावला नाही. (त्यावरच्या दाण्यांना आपण छोटे उंदीर म्हणतो, हे मी आठवण म्हणून सांगायला नको होतं.)

पाचला सगळे गेले. हेन्द्रिकेचा प्रश्न होता तिथेच राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो.  तर तिथे तुझा आउके बसलेला. त्याला विसरलोच होतो आम्ही! मोजे देऊन झाल्यावर बाहेर खुर्ची उरली नाही, म्हणून तो तीन तास तिथे एकटा बसून होता आणि वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने माझा सव्वीस प्रश्नांचा कागद वाचला. आणि पेन खिशात होतं म्हणून भरला.

ताई, राग मानू नकोस, पण तुझा मुलगा कंटाळवाणा आहे असं आपल्या अख्ख्या घराण्याचं मत आहे आणि मीही त्यात होतो. अडतीस वर्षांचा माणूस, पाण्याच्या खात्यात नोकरी, बारा वर्षं दर मंगळवारी तोच बांध चालून तपासतो. त्या शनिवारी मला कळलं की मी अकरा वर्षं एका कंटाळवाण्या माणसाचीच वाट बघत होतो. प्रश्न सात, पंधरा वर्षांनी कुठे असाल? ‘बांधावर. मंगळवारी.’ प्रश्न चौदा, किती वेळा दाखवाल? ‘कोणाला?’ प्रश्न तेवीस, तुमच्याकडे दहा वर्षांपेक्षा जास्त जगलेली वस्तू किंवा प्राणी? ‘रबराचं झाड, चोवीस वर्षं.’ आणि प्रश्न सोळा, ज्यावर आजवर सगळे घसरले: तिने पाच महिने काहीच खाल्लं नाही तर काय कराल? लोकांनी तिथे काय काय लिहून ठेवलं आहे! आउकेने एकच शब्द लिहिला होता. ‘थांबेन.’

मी तो कागद तीनदा वाचला. मग आम्ही वर गेलो, त्याने हात धुतले, हळूच शेपटाकडून तिला आधार दिला आणि म्हणाला, “मामा, ही छान शांत आहे.” तो स्वतः एवढा शांत होता की दोघांत आधी कोण हललं हे सांगता येणार नाही.

तर असा सगळा आनंद आहे. तुझ्या मुलाने घराण्याचं नाव काढलं, हेच तुला कळवायचं होतं. बाकी विशेष काही नाही. मोजे मी लोल्केच्या नातवंडांना देऊ का परत पाठवू, ते सांग. कुंपणाच्या भांडणात माघार घेऊ नकोस. तुझ्या गुडघ्याला आराम पडो आणि आपल्या दोघांच्याही सांध्यांना उरलेली वर्षं एकमेकांना भेटण्यापुरतं बळ राहो, ही इच्छा.

तुझा धाकटा भाऊ,
सिप्के

ता. क. एक अगदी बारीकशी बाब राहिली. प्रश्न एकोणीस: घरातल्या सगळ्या प्रौढ माणसांची लेखी संमती. आउके तुझ्या घरात राहतो. सोबत संमतिपत्र आहे. त्यात फार काही नाही. ‘खाली नाव दिलेल्या जिवाला मी माझ्या घरात पूर्ण विचारांती घेत आहे, त्याला दचकवणार नाही, त्याने खाल्लं नाही तर धीर धरीन, आणि कंटाळा आला म्हणून परस्पर कोणाला देऊन टाकणार नाही’ एवढंच. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर.

ता. क. २. आउकेने तुझी शिवणाची खोली सहज मोजून बघितली आहे. बरोबर बसते. शिवणयंत्र तेवढं हलवावं लागेल. ती खोली हिवाळ्यात थंड पडते अशी तुझीच तक्रार होती. आता वर्षभर तीस अंश राहील.

ता. क. ३. संमतिपत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक अट आहे, ती वाचली नाहीस तरी चालेल. नव्या घरात प्राणी रुळेपर्यंत आधीच्या पालकाने पहिले तीन महिने तिथे मुक्कामाला राहावं, असं मी अकरा वर्षांपूर्वीच घालून ठेवलं आहे. योगायोगाने मला एकोणीस ऑगस्टला रुग्णालयातून सोडतील आणि योगायोगाने तुझ्या घराला जिना नाही.

ता. क. ४. वेल्मू, मी हिस्के. पाकिटाला तिकीट लावायला दिलं म्हणून हे पत्र माझ्या हाती आलं. आता या घरातलं एकही पाकीट मी वाचल्याशिवाय सोडत नाही. पत्र मंगळवारचं आहे, आज गुरुवार. काल संध्याकाळी मी तो सव्वीस प्रश्नांचा कागद स्वतः भरला. अकरा वर्षं त्याने अख्ख्या प्रांताला तो दिला, मला कधी विचारलं नाही. प्रश्न सात, पंधरा वर्षांनी कुठे असाल? मी लिहिलं, ‘इथेच. तिचं पाणी कोण बदलेल?’ कागद सकाळी त्याच्या कॉफीशेजारी ठेवला. त्याने चष्मा लावून लाल पेन्सिलीने तपासला. एकच जागा रिकामी सापडली, एकोणीस नंबरची, घरातल्यांची संमती. पेन्सिल खाली ठेवून पेन घेतलं, तिथे सही केली आणि मला म्हणाला, “एवढी वर्षं बोलली का नाहीस?” मी म्हटलं, “थांबले होते.” तर हेन्द्रिका कुठेही जात नाही. उचलायला दुसरा माणूस लागतो, त्यासाठी आउके दर शनिवारी येईल. मी सत्तरीला पोचले की पुढचं त्याचं, असं आमचं ठरलं आहे. तुझी शिवणाची खोली तुला राहू दे. पण सिप्केला जिना चढायचा नाही हे खरंच आहे, आणि तीन महिने त्याला खुर्चीत बसवून माझ्या कामावर लाल पेन्सिल मारू दिली तर आमचा पस्तिसावा वाढदिवस होणार नाही. तेव्हा संमतिपत्रावर हेन्द्रिकेचं नाव खोडून मी त्याचं घातलं आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही. बाकीचा मजकूर जसाच्या तसा चालेल. सही कर.